पावणेआठशे एकरांची पेटी : नांदेड-लातूरच्या मधमाश्या आणि त्यांचे आरोग्य

मध म्हटले की महाराष्ट्रातल्या माणसाला महाबळेश्वर आठवते, आणि ते रास्तच आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय तिथे आहे. मधोत्पादकांची सहकारी सोसायटी तिथे उभी राहिली आणि तिच्या ‘मधुसागर’चे नाव पर्यटकांनी घरोघर पोहोचवले. २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून मांघरची घोषणा झाली, तीही त्याच डोंगरात. जांभूळ, हिरडा आणि कारवीच्या त्या ओल्या रानापुढे मराठवाड्याचा हा कोपरा उघडाबोडका वाटणे साहजिक आहे. नांदेड आणि लातूरची ओळख तूर, हरभरा, सोयाबीन आणि कापसाची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पाण्याच्या रेल्वेची. या चित्रात मधमाशी कुठे बसते, असा प्रश्न वाचकांना पडला तर त्यात वावगे काही नाही.

मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरीच्या शेतात सकाळी नऊ वाजता जाऊन उभे राहावे. पिवळ्या फुलांवर इतकी वर्दळ असते की आवाज बांधावरच कानी येतो. तूर ओसरते तोवर धने आणि जवस फुललेले असतात, मग करडई, आंब्याचा मोहर, कडुलिंब, चिंच, करंज. मांजरा आणि गोदावरीच्या काठची टरबुजे, खरबुजे, काकड्या यांचे फळ तर मधमाशीवाचून नीट धरतच नाही. किनवट-माहूरच्या जंगलात मोह आहे, जांभूळ आहे, पैनगंगेच्या खोऱ्यातले सागाचे रान आहे. सह्याद्रीइतके ओले नसले, तरी हे मधमाशीचे जुने घर आहे. त्याचा अभ्यास मात्र थोडक्यांनी केला. या विषयात नव्याने येणाऱ्याला म्हणूनच इथे भरपूर जागा आहे.

पुढच्या वाचनात शिरण्यापूर्वी एक धागा हाती घ्यावा, अशी विनंती आहे. मधमाशीचे आरोग्य म्हटले की आपण पेटीचे झाकण उघडतो आणि रोग शोधू लागतो. जगभरची पुस्तकेही बहुधा तिथूनच सुरुवात करतात. आपल्या दोन जिल्ह्यांत ती वाट अर्धवट ठरते. इथे माशीला आधी भूक मारते, मग फवारणी मारते, आणि रोग पुष्कळदा त्या दोघींच्या मागून येतो. म्हणून हा अभ्यास बांधावरून सुरू करावा लागतो आणि तो एकट्यादुकट्याला पेलत नाही.

आधी माश्यांची तोंडओळख. वडाच्या उंच फांदीला, पाण्याच्या टाकीला किंवा पुलाच्या कमानीला लोंबणारे हात-दीड हाताचे एकच मोठे पोळे ते आग्यामोहोळ. ही माशी तापट असते आणि पेटीत राहत नाही. फुलोरी त्यातली धाकटी. बाभळीत, कुंपणात, डाळिंबाच्या झाडात तळहाताएवढे पोळे बांधते. ऊन सोसण्यात तिचा हात धरणारी दुसरी नाही. भिंतीच्या भेगेत मेणाची नळी काढून राहणारी बिनडंखी पोयरा वाचकांनी पाहिली असेल, पण ती मधमाशांच्या गोतावळ्यातली आहे हे पुष्कळांना ठाऊक नसते. सातेरी ही आपली देशी, ढोलीत आणि अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक पोळी लावणारी, त्यामुळे पेटीत रमणारी. पाचवी मेलिफेरा, युरोपातून आणलेली. १९६२ मध्ये आजच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा इथे ती भारतात पहिल्यांदा यशस्वीपणे रुजली. आज फुलोऱ्यामागे ट्रकमधून फिरणाऱ्या पेट्या बहुतेक तिच्याच असतात. या पाचही जणी एकाच तुरीवर बसतात. त्यामुळे एकीचा रोग दुसरीचा होऊ शकतो, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

सूर्यफुलाची हकिगत जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात या पिकाने एके काळी मोठा पट्टा व्यापला होता. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या लातूर येथील गळीतधान्य संशोधन केंद्राने एलएसएफएच-३५, एलएसएफएच-१७१ असे संकरित वाण दिले. सूर्यफुलाच्या एका तबकात शेकडो बारीक फुले असतात. ती कडेकडून मध्याकडे, रोज काही ओळी, अशी आठवडाभर उमलत राहतात. प्रत्येक फुलातले पराग आधी बाहेर पडतात आणि स्त्रीकेसर त्यानंतर तयार होतो. मधमाशी आली नाही तर तबकाचा मध्य पोचट राहतो. म्हणून सूर्यफुलाच्या लागवडीच्या शिफारशींत दोन गोष्टी वर्षानुवर्षे शेजारीशेजारी छापल्या जातात. एक, हेक्टरी पाच मधपेट्या ठेवाव्यात. दुसरी, फुलोऱ्यात सकाळी सात ते अकराच्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून ते प्रत्येक फुलावरून हलकेच फिरवावे.

या दुसऱ्या शिफारशीपाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. एकरभर सूर्यफुलात डोक्याएवढ्या झाडांमधून वाकत, हाताला मलमल बांधून एकेक तबक पुसत जाणारी माणसे डोळ्यांपुढे आणावीत. माशीचे काम माणसाने अंगावर घेतल्याचा इतका उघड पुरावा आपल्या शेतीत क्वचितच सापडेल. पेट्यांची शिफारस कागदावर राहिली. कापडाची काहींनी तरी पाळली. पुढे सूर्यफूलच मागे हटले. मधमाश्या गेल्या म्हणून सूर्यफूल गेले, असे विधान मात्र कोणी करू नये. नेक्रोसिस रोग, पाखरांचा उपद्रव, आयात तेलापुढे न टिकलेला भाव आणि सोयाबीनचे आकर्षण ही कारणे ठळक आहेत. उलट दिशेचे विधान मात्र निर्धास्तपणे करता येते: सूर्यफूल गेले आणि मधमाशीचे ताट रिकामे झाले.

कारण त्याच्या जागी आलेले सोयाबीन स्वतःच्याच परागावर दाणा धरते. त्याचे फूल इवलेसे असते आणि त्यातून माशीच्या पदरात फारसे काही पडत नाही. पूर्वीच्या खरिपात मूग-उडदाच्या जोडीला तीळ होता, बांधाला कारळे आणि अंबाडी होती, खरीप ज्वारीचे पराग होते. आता पावसाळ्यात टेकडीवर उभे राहून पाहिले तर हिरवा गालिचा क्षितिजापर्यंत दिसतो; माशीच्या लेखी तो उपासाचा महिना असतो. त्याआधीचा मे-जून तर आणखी कठीण. पारा बेचाळिसाच्या वर जातो, करंज-चिंच सरलेली असतात, आणि पोळ्यातले पिल्लांचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांवर राखण्यासाठी कामकरी माश्या पाणी वाहून आणण्यातच दमतात. उपाशी वसाहत लहान होते, लहान वसाहतीला पोळ्यावर पहारा ठेवता येत नाही, आणि मग मेणकिडा शिरतो. लोक मेणकिड्याला दोष देतात. खरे कारण दोन महिने आधीच घडून गेलेले असते.

आता फवारणी. हा विषय नाजूक आहे, कारण त्यात शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा मोह होतो. तो टाळावा. फवारणारा माणूस स्वतःच किती असुरक्षित आहे, हे २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात दिसले. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध माणसाला सोडत नाही ते माशीला काय सोडणार? करडईवर थंडीत मावा पडतो आणि डायमेथोएटची फवारणी होते. हे मधमाशीला अत्यंत घातक द्रव्य आहे आणि फवारणी लांबली की ती नेमकी फुलोऱ्यात येते. तुरीवर शेंगा पोखरणारी अळी फुले लागतानाच येते. कपाशीवर बीटी वाण २००२ मध्ये आल्यानंतर बोंडअळीच्या फवारण्या काही वर्षे घटल्या, पण तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांसाठीची औषधे चालूच राहिली आणि त्यांत इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झामसारखी निओनिकोटिनॉइड गटातली द्रव्ये आली. ती झाडाच्या अंगात भिनतात आणि मकरंद-परागात उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये या गटातल्या तीन द्रव्यांचा उघड्या शेतातला वापर थांबवला. आपल्याकडे तसे होईल तेव्हा होईल. तोवर करण्यासारखे पुष्कळ आहे. तुरीचा फुलोरा सुरू होताना पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची करावी, ही कृषी विद्यापीठाचीच जुनी शिफारस आहे. रासायनिक फवारणी टळतच नसेल तर ती माश्या घरी परतल्यावर, सूर्य कलल्यावर करावी. इतक्या साध्या बदलानेही मोठा फरक पडतो.

अडचण ही की फवारणी शेजारच्या रानात होत असते. सातेरी साधारण किलोमीटर-दीड किलोमीटरच्या टापूत चरते. पेटी मध्ये धरून नुसत्या एका किलोमीटरचे वर्तुळ काढले तरी त्यात ३१४ हेक्टर, म्हणजे जवळजवळ पावणेआठशे एकर रान येते. मेलिफेरासाठी तीन किलोमीटर धरले तर हाच आकडा सात हजार एकरांकडे जातो. आपल्याकडे दोन-तीन एकरांची खाती घरोघर आहेत. म्हणजे एका पेटीचे आरोग्य काही शे कुटुंबांच्या हाती असते, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्या हाती काही आहे याचा पत्ता नसतो. पेटी एकाची असेल, पण तिचे शिवार सगळ्या गावाचे असते. मधमाशीपालकांच्या गावमंडळाचे प्रयोजन इथे आहे. पेट्या स्वस्तात मिळवणे, मध एकत्र विकणे ही कामे मंडळ करतेच आणि करावीत. पण त्याचे खरे काम फवारणीच्या आदल्या संध्याकाळी निरोप पोहोचवण्याचे आहे. त्या मंडळात पेटी नसलेले शेतकरी हवेत आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार तर हवाच हवा. कोणते औषध, किती आणि कधी, हे आपल्याकडे पुष्कळदा त्याच्याच काउंटरवर ठरते. त्याला बाहेर ठेवून केलेली जागृती सभेपुरती उरते.

आता रोगांकडे वळू. सातेरीचा मोठा शत्रू म्हणजे थाई सॅकब्रूड हा विषाणू. १९७६ मध्ये थायलंडमध्ये तो ओळखला गेला आणि १९९१-९२ च्या सुमारास दक्षिण भारतात त्याने असा धुमाकूळ घातला की केरळ, तामिळनाडू, कर्नाटकातल्या सातेरीच्या नव्वद टक्क्यांहून अधिक पाळीव वसाहती संपल्या. याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माश्या धडधाकट दिसतात, पण पोळ्यातली अळी कोषात जाण्याच्या बेतात असताना मरते. तिच्या कातडीखाली पाणी साचते, डोके वर उचललेले राहते आणि चिमट्याने ओढली तर ती पिशवीसारखी अख्खी बाहेर येते. यावर औषध नाही. राणी बदलणे, काही काळ अंडी घालणे थांबवणे आणि टिकून राहिलेल्या वसाहतींपासून पुढची पैदास करणे, हाच आजवरचा मार्ग आहे. औषध म्हणून कोणी प्रतिजैविक देऊ लागला तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

मेलिफेराची व्यथा वेगळी. व्हरोआ हा तांबूस, दीड मिलिमीटर रुंदीचा गोचिडीच्या जातीतला जीव, म्हणजे माइट, मुळात सातेरीवर राहत असे. सातेरी त्याला अंगावरून झाडते आणि तो तिच्याकडे प्रामुख्याने नर माश्यांच्या कोठड्यांतच वाढतो, त्यामुळे दोघांचे जुने जमलेले होते. मेलिफेरा आशियात आली, तो तिच्यावर गेला आणि जगभर पसरला. तिच्यापाशी त्याला आवरण्याची सवय नव्हती. जगभरच्या संशोधकांनी त्याला कितीतरी वर्षे व्हरोआ जेकबसोनाय समजूनच त्याच्यावर लिहिले. २००० साली तो निराळा ठरला आणि त्याला ‘डिस्ट्रक्टर’ हे नाव मिळाले. तो मोजण्याची एक साधी रीत नवख्यालाही जमते. पिल्ले असलेल्या चौकटीवरून, राणी तिच्यावर नाही याची खात्री करून, अर्धा कप माश्या जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्याव्यात. त्या साधारण तीनशे भरतात. त्यात दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवावी, दोन मिनिटे थांबावे, मग पांढऱ्या ताटात जाळीतून साखर झटकावी. साखरेबरोबर माइट खाली पडतात. ताटात थोडे पाणी शिंपडले की साखर विरघळते आणि लाल ठिपके मोजता येतात. साखरेने माखलेल्या माश्या पेटीत परत सोडल्या की बाकीच्या त्यांना चाटून स्वच्छ करतात. शंभर माश्यांमागे तीनच्या वर माइट निघाले तर उपायाची वेळ आली, असा सर्वसाधारण संकेत आहे.

इथे एक सावधगिरी. या माइटवरचे परदेशी वेळापत्रक तसेच्या तसे उचलू नये. युरोपात हिवाळ्यात पिल्ले नसतात, म्हणून तिथले काही उपचार तेव्हा होतात. आपला हिवाळा हा तर भरभराटीचा हंगाम. वसाहत आक्रसते ती उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. शिवाय फॉर्मिक आम्लासारखे उपाय तीस अंशांच्या पुढे माशीलाच जाचक ठरतात, आणि लातूरच्या एप्रिलमध्ये दिवसाचा पारा तीस अंशांच्या बराच वर असतो. आपल्या हवामानाचे वेळापत्रक आपल्यालाच बांधावे लागेल, आणि या विषयात मोलाची भर कोणी घालू शकेल तर ती इथेच.

बाकीच्यांचा नुसता उल्लेख पुरे. ट्रोपिलिलॅप्स हा आग्याकडून आलेला दुसरा माइट. पिल्लांवाचून तो फार दिवस तगत नाही. फाउलब्रूड हे जिवाणूंचे दोन आजार. त्यांतल्या अमेरिकन प्रकाराचे बीजाणू दशके टिकतात, म्हणून बाहेरून आलेली जुनी पोळी घेऊ नयेत. वेडा राघू, कोतवाल, गांधीलमाशी, मुंग्या यांचा जाच जुनाच आहे आणि त्याने धडधाकट वसाहत बुडत नाही.

किनवट आणि माहूरचे प्रकरण मात्र स्वतंत्र वाचावे. तिथे गोंड, कोलाम, आंध यांच्या पिढ्या आग्याचा मध काढत आल्या आहेत. झाडांची, वाऱ्याची, चंद्राच्या पक्षाची त्यांची माहिती पुस्तकांत उतरलेली नाही. टेंभा लावून रात्री मोहोळ जाळणे ही त्यातली माशीवर उठणारी बाजू आहे, हेही खरे. आग्याच्या पोळ्यात मध एका वरच्या टोकाला, फांदीलगत साठलेला असतो आणि पिल्ले बाकीच्या भागात. पोशाख घालून, धुराने माश्या बाजूला सारून नुसता मधाचा भाग कापला तर तीच वसाहत तो पुन्हा भरते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने ही पद्धत विदर्भातल्या मध गोळा करणाऱ्यांपर्यंत नेली. पैनगंगा ओलांडून ती इकडे रुजायला काहीच हरकत नाही. अट एकच, शिकवणाऱ्याने आधी ऐकून घेतले पाहिजे.

या क्षेत्रात यावे कसे, असे तुम्ही विचाराल. पहिले वर्ष पेटीवाचून काढा. एक वही घ्या आणि घरापासून किलोमीटरभरात काय केव्हा फुलते ते लिहा: पीक, झाड, तण, अगदी गाजरगवतसुद्धा. शेजारी दुसऱ्या रकान्यात कोणी केव्हा काय फवारले ते नोंदवा. बारा महिन्यांनी ही वही तुमच्या शिवाराबद्दल कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त सांगेल. गावातल्या चार जणांनी चार दिशांना अशा वह्या ठेवल्या, तर मंडळाची स्थापना झालीच म्हणून समजा.

मग कोणाच्या तरी पेटीपाशी बसायला शिका, झाकण न उघडता. दारातून आत जाणाऱ्या माश्यांच्या पायांवर परागाचे गोळे आहेत का, कोणत्या रंगाचे आहेत, हे पाहा. परागाचा ओघ चालू असेल तर आत पिल्ले आहेत. दाराशी एका दिवसात मेलेल्या माश्यांचा खच पडला, त्यांच्या जिभा बाहेर आलेल्या असल्या, काही थरथरत रांगत असल्या, तर आसपास फवारणी झाली आहे. पंख चुरगळलेल्या, उडू न शकणाऱ्या तरुण माश्या दिसल्या तर व्हरोआचा संशय घ्या. आत पाहिल्यावर माश्या कोठड्यांत डोके खुपसून मेलेल्या आढळल्या, तर ती भूक आहे. चार खुणा ओळखू आल्या की पुस्तकातले रोगांचे प्रकरण उघडा. शंका राहिलीच तर नमुना पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडे दाखवता येतो. प्रशिक्षणासाठी आणि मधकेंद्र योजनेच्या माहितीसाठी ग्रामोद्योग मंडळाचे जिल्हा कार्यालय आहे.

आणि पेटी घ्यायचीच झाली तर ऑक्टोबरात घ्या. तूर फुलू लागलेली असते, पुढे चार-पाच महिने एकामागून एक फुलोरा मिळतो, आणि नवख्याच्या हातून घडणाऱ्या चुका वसाहत भरून काढते. मे महिन्यात कोणी निम्म्या किमतीत देऊ केली तर घाई करू नका. ती त्याला तेव्हाच का विकायची आहे, हे आता तुम्हीच सांगू शकाल.